प्रताधिकारमुक्त मराठी साहित्य

हक्काची मुदत संपल्यामुळे कोणालाही विनापरवानगी छापता, अनुवादता, ध्वनिमुद्रित करता किंवा महाजालावर ठेवता येते असे साहित्य. भारतात ही मुदत १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाने ठरते. लेखकाची हयात आणि त्याच्या निधनानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून साठ वर्षे, असा हिशेब आहे. निनावी किंवा टोपणनावाने आलेल्या आणि खरा लेखक उघड न झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून धरतात.

मूळ कायद्यात ही वर्षे पन्नासच होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत आला तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. निमित्त बंगालीतले असले तरी थांबावे मराठी वाचकालाही लागले. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. जुन्या हिशेबाने त्यांचे साहित्य २००१ च्या आरंभी मोकळे झाले असते, ते २०११ च्या आरंभी झाले. त्यानंतर ‘श्यामची आई’च्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दुकानांत दिसू लागल्या. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला हाच नियम लागून ते १ जानेवारी २०१७ रोजी मुक्त झाले.

एकाच कथेवरचे हक्क अनेकदा वेगवेगळ्या वेळी सुटतात. ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला. चित्रपटाची साठ वर्षे प्रदर्शनापासून मोजली, तर ती २०१३ अखेर संपतात. त्यातली अत्र्यांची गीते हे मात्र स्वतंत्र साहित्य आहे. अत्रे १९६९ साली गेले, म्हणून गीतांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालतो. संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, त्यांच्या स्वररचनांची मुदत २०३५ पर्यंत जाते. शाळेच्या संमेलनात मूळ पुस्तकातला प्रसंग बसवायला आज कोणाची परवानगी लागत नाही. चित्रपटातले गाणे ध्वनिमुद्रित करून विकायचे झाले, तर हक्कदार शोधावा लागतो.

कायद्याने मोकळे झालेले पुस्तक वाचकाच्या हाती पडतेच असे नाही, आणि मराठीत खरी अडचण बहुधा याच टप्प्यावर येते. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० च्या दशकात प्रसिद्ध झाला. केतकर १९३७ साली वारले, म्हणजे हक्काची मुदत केव्हाच संपली. तरीही सर्वसाधारण वाचकाला हा कोश पाहायचा तर मोठ्या ग्रंथालयात जाऊन जाड खंड उतरवून घ्यावे लागत. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो युनिकोडमध्ये टंकून संकेतस्थळावर ठेवला, तेव्हा त्यातला शब्द घरबसल्या शोधता येऊ लागला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी छपाई त्यानंतरही बरीच वर्षे श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर चालली. त्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. त्यामुळे संगणकावरच जुळवलेली पुस्तकेही अनेकदा पुन्हा टंकावी लागली.

पानांचे स्कॅन हा स्वस्त मार्ग. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात बरेच मराठी ग्रंथ असे स्कॅन झाले. त्यांत मुदत न संपलेली पुस्तकेही शिरली आणि प्रताधिकारभंगाच्या कारणाने २०१७ च्या सुमारास संकेतस्थळ बंद झाले. त्यातला मोठा साठा आज इंटरनेट आर्काइव्हवर सापडतो. तिथे रोमन लिपीत मोडतोड झालेली शीर्षके ओळखण्याचा सराव मात्र हवा.

स्कॅन म्हणजे पानाचे चित्र. त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीनरीडर त्यापुढे मुका राहतो. चित्रातून मजकूर काढणारी ओसीआर प्रणाली आता स्वच्छ टाइपातली मराठी बरी वाचते. शिळाप्रेसवरची जुनी पुस्तके आणि मोडी कागदांपुढे ती अडखळते. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक असा मजकूर पान पान ताडून दुरुस्त करतात. अंध वाचकांबाबत कायदा तंत्रज्ञानाच्या पुढे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हक्क चालू असलेले पुस्तकही त्यांच्यासाठी सुलभ रूपात आणण्याची मुभा दिली आणि याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता भारताने दिली. मुभा असली तरी टंकलेला मजकूर कोणीतरी तयार करावाच लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी कागदी प्रत असते. उदाहरणार्थ, अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळसारख्या गावाला ती जवळ मिळण्याचे ठिकाण म्हणजे बदलापूर. तिथे श्याम जोशी यांनी उभारलेल्या ग्रंथसखा वाचनालयात दुर्मिळ मराठी ग्रंथांचा आणि नियतकालिकांचा संग्रह आहे. कायद्याने नव्या प्रकाशनाची प्रत दाखल होण्याची जागा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे, पण ती व्यवस्था १९५४ च्या कायद्याची. त्याआधीची छोटी नियतकालिके खासगी संग्राहकांमुळेच पुष्कळदा टिकली. शेजारच्या उल्हासनगरात अडचण आणखी वेगळी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचे जुने साहित्य अरबी वळणाच्या लिपीत आहे. ते हक्कमुक्त झाले तरी देवनागरीत शिकलेल्या नातवंडांना वाचता येत नाही.

अप्रसिद्ध लेखकांबाबत आणखी एक पेच आहे. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची नोंद मिळते. पण लेखक वारला कधी हे कळल्याशिवाय साठ वर्षे मोजायची कुठून, हे ठरत नाही. वारस माहीत नाहीत, प्रकाशनसंस्था बंद पडलेली. अशा पुस्तकाला सावध ग्रंथपाल हात लावत नाही आणि कागद तेवढा पिवळा पडत जातो. नामवंतांची तारीख मात्र आधीच सांगता येते. अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ साली गेल्यामुळे त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० या एकाच दिवशी मुक्त होईल. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्यासाठी २०६१ उजाडावे लागेल.