ऑब्जेक्टचा स्वनिर्देश आणि पहिली किंमत

ऑब्जेक्टवर आधारलेल्या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक ऑब्जेक्टला जन्मतःच दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे स्वतःकडे निर्देश करण्याचे साधन, आणि दुसरी म्हणजे आपल्या प्रत्येक फील्डमध्ये काहीतरी पहिली किंमत. पाठ्यपुस्तकांत हे विषय दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. त्यांचा इतिहास मात्र वेगळा काढता येत नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. मेमरीत जागा मिळाल्यापासून ऑब्जेक्ट पूर्ण तयार होईपर्यंत थोडा काळ जातो. त्या काळात त्याला कोणी हात लावावा का, आणि लावलाच तर हाती काय लागावे? कडक टाइप पाळणाऱ्या भाषांना हा प्रश्न अधिक बोचतो. फील्डमध्ये अमुक टाइपची किंमत असेलच असे वचन त्या देतात, आणि ते वचन पहिल्या क्षणापासून पाळावे लागते.

सुरुवात ऑस्लोची. तिथल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिम्युलेशनसाठी भाषा तयार केली आणि तिची दुसरी आवृत्ती, सिम्युला 67, मे 1967 मध्ये ऑस्लोजवळच्या लिसेबू येथील परिषदेत मांडली. क्लास, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसीजर या कल्पना भाषेत पहिल्यांदा आल्या त्या इथे. चालू ऑब्जेक्टचा निर्देश करणारा ‘धिस’ हा शब्दही इथलाच. सिम्युलात तो एकटा येत नसे, त्याच्यापुढे क्लासचे नाव लिहावे लागे. त्यामुळे मिळणारा संदर्भ कोणत्या टाइपचा आहे हे कंपायलरला आधीच कळे.

पहिल्या किमतीबाबत सिम्युलाचा नियम साधा आणि सरसकट होता. पूर्णांकाला शून्य, बूलियनला ‘फॉल्स’, आणि ऑब्जेक्टच्या संदर्भाला ‘नन’, म्हणजे कुठलाच ऑब्जेक्ट नाही. याला भक्कम कारण होते. सिम्युलात वापरात नसलेली मेमरी आपोआप गोळा केली जाई. गोळा करणारी यंत्रणा एका संदर्भावरून दुसऱ्या संदर्भावर जात कोणते ऑब्जेक्ट जिवंत आहेत ते शोधते. एखाद्या संदर्भात आधीच्या वापराचा उरलेला कचरा असेल, तर ती त्यालाच पत्ता समजून भलतीकडे जाईल. म्हणून रिकाम्या संदर्भालाही ओळखता येईल अशी खूण हवीच होती. अशा खुणेची कल्पना टोनी होअर यांनी 1965 मध्ये ॲल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी काम करताना मांडली होती. 2009 मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

स्वनिर्देश आणि पहिली किंमत सिम्युलात किती जवळ होते, हे तिच्या याद्यांच्या ग्रंथालयात दिसते. यादीचे टोक म्हणजे ‘हेड’ क्लासचा ऑब्जेक्ट. त्यात पुढचा घटक आणि मागचा घटक असे दोन संदर्भ असतात. भाषेच्या नियमाने सुरुवातीला दोन्हींत ‘नन’ असते. पण ऑब्जेक्ट तयार होताना क्लासचा मुख्य भाग चालतो आणि दोन्ही संदर्भांत ‘धिस’ भरतो. रिकामी यादी म्हणजे पुढेही आपणच आणि मागेही आपणच असे बंद वर्तुळ. मग यादीत घटक घालताना वा काढताना ‘यादी रिकामी आहे का’ अशी वेगळी तपासणी करावी लागत नाही. अर्धशतक उलटले तरी वर्तुळाकार याद्यांत हीच रचना वापरतात, आणि तिच्याहून सुबक रचना क्वचितच सापडेल.

ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप केंब्रिजला पीएचडीसाठी सिम्युला वापरत होते. भाषा त्यांना मनापासून आवडली, पण मोठा प्रोग्राम फारच संथ चालला. या संथपणाच्या कारणांमध्ये त्यांनी पुढे कचरा गोळा करण्याबरोबर व्हेरिएबलला पहिली किंमत देण्याची हमीही धरली. 1979 मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘सी विथ क्लासेस’ सुरू करताना त्यांनी क्लास आणि ‘धिस’ घेतले, सरसकट शून्य भरण्याचा नियम घेतला नाही. सी भाषेच्या रीतीप्रमाणे फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये मेमरीत पडलेला जुना कचराच राहिला. ऑब्जेक्ट नीट सुरू करण्याची जबाबदारी मात्र त्यांनी कन्स्ट्रक्टरवर टाकली, आणि क्लासला कन्स्ट्रक्टर दिला तर तो चालल्याशिवाय ऑब्जेक्ट तयार होत नाही अशी सोय केली. वेगही टिकला आणि शिस्तही आली. विसरभोळ्या प्रोग्रामरला मात्र भाषेने सांभाळले नाही.

सी प्लस प्लसमध्ये ‘धिस’ पॉइंटर आहे, कारण तो ठरला तेव्हा भाषेत रेफरन्स नव्हते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कन्स्ट्रक्टरच्या आत ‘धिस’लाच नवी किंमत देता येई. स्वतःची मेमरी स्वतः मिळवणाऱ्या ऑब्जेक्टसाठी ही युक्ती होती, पण आपण कोण आहोत हेच बदलण्याची मुभा त्यात होती. 1989 च्या 2.0 आवृत्तीत प्रत्येक क्लासला मेमरी मिळवण्याची वेगळी सोय देण्यात आली आणि या युक्तीची गरज संपली.

अमेरिकी संरक्षण खात्याने दुसरीच वाट धरली. आपल्या नव्या भाषेसाठी खात्याने 1978 मध्ये ‘स्टीलमन’ नावाचे आवश्यकतापत्रक काढले. व्हेरिएबलला आपोआप पहिली किंमत नसावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. या भूमिकेमागचा युक्तिवाद आजही विचार करायला लावतो. शून्य आपोआप भरले तर किंमत द्यायला विसरल्याची चूक झाकली जाते, आणि प्रोग्राम चुकीचे उत्तर ठामपणे देतो. खात्यासाठी फ्रान्समधील ज्याँ इश्बिया यांच्या गटाने घडवलेल्या अ‍ॅडा भाषेने मध्यम मार्ग काढला. साध्या अंकांना काहीच मिळत नाही, मेमरीतल्या वस्तूकडे नेणाऱ्या ॲक्सेस टाइपला ‘नल’ मिळतो, आणि रेकॉर्डच्या घटकाला कोणती पहिली किंमत द्यायची ते टाइप लिहिणारा स्वतः घोषणेतच सांगू शकतो. म्हणजे पहिली किंमत भाषेने ठरवण्याऐवजी टाइपच्या कर्त्याने ठरवायची. पुढे अ‍ॅडा 2012 ने हीच मुभा अंकांच्या टाइपलाही दिली.

स्वनिर्देशाचा अ‍ॅडाने केलेला विचार अधिक खोल आहे. या भाषेत ‘धिस’ नाही. ऑब्जेक्ट हा प्रोसीजरचा इतरांसारखाच, उघड लिहिलेला पॅरामीटर असतो. पण अ‍ॅडा 95 मध्ये टाइपच्या स्वतःच्या घोषणेत त्याचे नाव लिहिले, तर त्याचा अर्थ ‘आत्ता तयार होत असलेला ऑब्जेक्ट’ असा होतो. समजा ‘खिडकी’ हा टाइप आहे आणि त्यात ‘बटण’ हा घटक आहे. बटण दाबल्यावर कोणत्या खिडकीला कळवायचे हे बटणाला माहीत हवे. खिडकीच्या घोषणेतच बटणाला त्या खिडकीचा संदर्भ देता येतो, आणि प्रत्येक खिडकीचे बटण आपापल्या खिडकीशी जोडलेलेच जन्माला येते.

यासाठी टाइप ‘लिमिटेड’ असावा लागतो, म्हणजे त्याची नक्कल करता येत नाही. अट जाचक वाटते, पण तिच्यामागचे कारण अगदी बरोबर आहे. खिडकीची नक्कल केली तर आतला संदर्भही जसाच्या तसा उतरेल, आणि नव्या खिडकीचे बटण जुन्या खिडकीला कळवत बसेल. स्वतःचा पत्ता स्वतःत ठेवणारा ऑब्जेक्ट हलवता किंवा नकलता येत नाही. रस्ट भाषेला याच अडचणीसाठी ‘पिन’ ही सोय 2019 मध्ये पक्की करावी लागली. अ‍ॅडा 2005 ने आणखी एक नियम घातला. ज्या घटकांच्या पहिल्या किमतीत चालू ऑब्जेक्टचा उल्लेख आहे, ते इतर घटकांनंतर भरायचे. स्वतःकडे बोट दाखवण्याआधी बाकीचे शक्य तितके तयार असावे, हा शहाणपणा इथे थेट नियमात उतरला.

1996 मध्ये आलेल्या जावाने सिम्युलाचा सरसकट नियम पुन्हा घेतला, पण फील्डपुरता. मेथडमधल्या व्हेरिएबलला किंमत न देता वापरले तर कंपायलर प्रोग्रामच स्वीकारत नाही. ही विभागणी चांगली होती. खोट होती ती कन्स्ट्रक्टरमध्ये. ‘खाते’ हा मूळ क्लास घ्या. त्याचा कन्स्ट्रक्टर ‘वर्णन’ ही मेथड बोलावतो. ‘बचतखाते’ हा त्याचा सबक्लास ‘वर्णन’ नव्याने लिहितो आणि त्यात व्याजदर छापतो. नवे बचतखाते सात टक्के दराने उघडले, तर आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो, तो ‘वर्णन’ला हाक मारतो, आणि जावाच्या नियमाने सबक्लासची मेथड चालते. सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरने मात्र व्याजदर अजून भरलेला नसतो. छापले जाते शून्य. फील्ड ‘फायनल’ असले, म्हणजे एकदाच भरायचे आणि कधी न बदलणारे, तरी शून्यच दिसते. भिंती उभ्या राहण्याआधी घराचा पत्ता वाटावा तसा हा प्रकार आहे. सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी मूळ क्लासचीच मेथड चालते, कारण सबक्लासचा भाग तोवर अस्तित्वात आला असे ती भाषा मानत नाही. या बाबतीत तिचा निर्णय जावापेक्षा सुरक्षित ठरला.

सी शार्पने घोषणेतच दिलेल्या किमती मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरआधी भरण्याची रीत ठेवली आणि त्या किमतींत ‘धिस’ वापरू दिला नाही. सर्वांत नेमका उपाय 2014 च्या स्विफ्टने केला. क्लासचा ऑब्जेक्ट तयार करताना दोन टप्पे पाळायचे. पहिल्या टप्प्यात सबक्लासपासून वर जात सगळी फील्ड भरायची, ती भरेपर्यंत ‘सेल्फ’ला, म्हणजे स्विफ्टमधल्या ‘धिस’ला, हात लावायचा नाही. दुसऱ्या टप्प्यात ऑब्जेक्ट खुला. सरसकट शून्याची गरज इथे उरतच नाही, कारण न भरलेले फील्ड कोणाच्या नजरेस पडू शकत नाही. पहिली किंमत आणि स्वनिर्देश हे एकाच नियमाने सोडवायचे प्रश्न आहेत, हे या भाषेने उघडपणे मान्य केले.

जावालाही अखेर त्याच दिशेने यावे लागले. सप्टेंबर 2025 च्या जावा 25 मध्ये मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला बोलावण्याआधी स्वतःची फील्ड भरता येतात. त्या ओळींत ‘धिस’ मात्र अन्य कशासाठी वापरता येत नाही. व्याजदर तिथे भरला तर ‘वर्णन’ सात टक्केच छापते. जुने प्रोग्राम पूर्वीसारखेच चालतात, आणि ही सोय हवी असेल तर कन्स्ट्रक्टर नव्याने लिहावा लागतो.