रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढताना साखळी कुठे बांधावी?

भाताची चिखलणी, अवकाळी पावसानंतरची ऊस वाहतूक, काळ्या जमिनीतून शेतमाल बाहेर काढणे अशा कामांत ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा पिकअप रुतण्याचे प्रसंग वारंवार येतात. मग शेजारचा ट्रॅक्टर बोलावला जातो, मिळेल ती साखळी हाताला येईल त्या जागी अडकवली जाते आणि ओढायला सुरुवात होते. या घाईत रुतलेल्या वाहनापेक्षा जास्त धोका ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांना असतो. तो बऱ्याच अंशी टाळणे साखळी बांधण्याच्या जागेवर अवलंबून आहे.

ओढणारा ट्रॅक्टर मागे का उलटतो?

ट्रॅक्टर ओढतो तेव्हा इंजिनाची ताकद मागची चाके फिरवते. चाके अडली किंवा ओढ फारच जड झाली, तर तीच ताकद ट्रॅक्टरचे धूड मागच्या एक्सलभोवती वर उचलू लागते. साखळी एक्सलच्या वर बांधलेली असेल, तर साखळीची ओढही ट्रॅक्टरला मागेच खेचते. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा टप्प्यावर पोहोचतो, की तेथून त्याला परत खाली आणता येत नाही. दीड सेकंदात तो पूर्ण उलटू शकतो. क्लच दाबायला तेवढा वेळ पुरत नाही.

साखळी एक्सलच्या खाली, ड्रॉबारला जोडलेली असेल तर पुढची चाके उचलताच ड्रॉबार खाली जातो आणि ओढीची तरफ कमी होते. म्हणून ओढण्यासाठी ड्रॉबार हीच योग्य जागा आहे.

ओढणाऱ्या ट्रॅक्टरला साखळी कुठे बांधावी?

- फक्त ड्रॉबारला किंवा कंपनीने दिलेल्या हूकला बांधावी. हूकची उंची कमी-जास्त करता येत असेल, तर तो सर्वांत खालच्या जागी ठेवावा.
- डावी-उजवीकडे सरकणारा ड्रॉबार मध्यभागी ठेवून पिनने पक्का करावा.
- टॉप लिंक, टॉप लिंकचा ब्रॅकेट, मागच्या एक्सलचे घर, सीटखालचा भाग, मडगार्ड किंवा चालकाच्या संरक्षणाची चौकट यांना साखळी कधीही बांधू नये.
- हायड्रोलिकच्या खालच्या दोन हातांमध्ये बसवलेल्या छिद्रांच्या पट्टीला बांधणेही धोक्याचे आहे. हात वर उचलले गेले की ओढीची जागा एक्सलच्या वर जाते.

रुतलेल्या वाहनाला साखळी कुठे बांधावी?

*ट्रॅक्टर :* पुढून ओढायचे असेल तर पुढच्या सपोर्टला बोल्टने बसवलेला टोचनाचा हूक वापरावा, मागून ओढायचे असेल तर ड्रॉबार. पुढचा एक्सल, स्टिअरिंगचे रॉड, पातळ पत्र्याचा बंपर यांना साखळी लावू नये. बहुतेक वेळा ट्रॅक्टर ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे काढणे सोपे जाते. आधी जोडलेले अवजार सोडवून घ्यावे.

*ट्रॉली :* माल शक्य तितका उतरवावा. ऊस उतरवायला दोन तास गेले तरी ते जीवापेक्षा स्वस्त आहेत. त्यानंतर चाकांना दगड लावून आणि पुढच्या दांडीला टेकू देऊनच ट्रॉली सोडवावी. दोनचाकी ट्रॉलीत मागे जास्त वजन असेल तर सोडवताच दांडी उसळते, हे लक्षात ठेवावे. ट्रॅक्टर टणक जमिनीवर नेऊन लांब साखळीने ट्रॉलीच्या दांडीच्या कड्यातून ओढावे. फाळका, बाजूचे खांब किंवा चाकाचा एक्सल यांना बांधू नये.

*पिकअप व जीप :* चॅसीला पक्का बसवलेला टोचनाचा हूक शोधावा. ट्रकवर लादताना गाडी बांधून ठेवण्यासाठी खाली दिलेली छिद्रे किंवा पातळ कड्या रुतलेली गाडी ओढण्यासाठी नसतात. मागे ट्रेलरसाठी बसवलेला लोखंडी गोळा तर अजिबात वापरू नये. तो तुटला तर साखळीसह गोळीसारखा उडतो.

*जेसीबीने काढताना :* बकेटच्या दातांना साखळी अडकवू नये, ती घसरून सुटते. ओढण्यासाठी दिलेली कडी नसेल, तर जेसीबीचा उपयोग फक्त चाकांपुढचा चिखल उपसण्यासाठी करावा.

साखळी पुरेशी आहे का?

चाके रुतलेली असतील तर वाहन हलवायला साधारण त्याच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट, असा ढोबळ हिशेब धरावा. म्हणजे दोन टनांचा ट्रॅक्टर मडगार्डपर्यंत रुतला तर सुमारे चार टन ओढ लागेल. ८० ग्रेडची १० मि.मी. साखळी ३.१५ टन सुरक्षित भारासाठी असते. बाजारातली साधी साखळी त्याहून कमजोर असते. मोठी साखळी शोधण्यापेक्षा आधी चिखल उपसून ओढ कमी करणे जास्त शहाणपणाचे.

दोन जागी बांधून ओढायचे असेल तर दोन्ही फाट्यांमधला कोन लहान ठेवावा. कोन ६० अंश असेल तर प्रत्येक फाट्यावर एकूण ओढीच्या सुमारे ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंश झाला तर प्रत्येक फाट्यावर पूर्ण भार येतो, म्हणजे दोन फाटे करून काहीच फायदा होत नाही.

साखळीला गाठ मारू नये, कड्यात बोल्ट घालून दोन तुकडे जोडू नयेत. जोडायला भाराचा आकडा कोरलेले डी-शॅकल वापरावे. झिजलेली, ताणून लांब झालेली कडी दिसली तर साखळी बाजूला काढावी. नायलॉनचा दोर ताणल्यावर रबरासारखी ताकद साठवतो आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो. तारेचा दोर तर हात-पाय तोडू शकतो.

ओढताना

1. दोन्ही वाहने शक्यतो एका सरळ रेषेत ठेवावीत. तिरकस ओढीने ट्रॅक्टर कुशीवर पडू शकतो.
2. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभे राहू नये. मुलांना बांधाबाहेर पाठवावे. ताणलेला दोर ओलांडू नये.
3. दोराच्या मध्यावर ओली गोणपाटे किंवा जाड घोंगडी टाकावी, म्हणजे तुटला तरी उसळी कमी होते.
4. इशारा एकाच माणसाने द्यावा. ‘थांबा’ मात्र कोणीही म्हणू शकतो, आणि ते ऐकताच थांबायचे.
5. सर्वांत खालच्या गिअरमध्ये आधी साखळीतला ढील हळू काढावा, मग सावकाश ओढावे. साखळीला झटका देऊ नये.
6. पुढची चाके हलकी वाटली की लगेच क्लच दाबून थांबावे. वाहन हलत नसेल तर पुन्हा खोदावे.
7. संरक्षणाची चौकट असलेल्या ट्रॅक्टरवर सीट बेल्ट लावावा. चौकट नसेल तर बेल्ट लावू नये.

हे कधीही करू नका

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका बांधून स्वतःच बाहेर येण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. ओंडका जमिनीत अडला की चाके फिरत नाहीत आणि ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरून चालकावर उलटतो. त्याऐवजी चाकांपुढची माती काढून उतार करावा, खाली पाचट, फळ्या किंवा मुरूम टाकावा, डिफरन्शियल लॉक लावून शक्य असल्यास मागच्या दिशेने बाहेर यावे.

वाफसा येईपर्यंत थांबणे

रुतण्याचे मूळ कारण जमिनीतला ओलावा आहे. शेतात ट्रॅक्टर नेण्यापूर्वी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून लाडू करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. तो फुटला तर वाफसा आहे, चपटा होऊन चिकटला तर थांबावे. ओल्या काळ्या जमिनीत चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या खालचा थर दाबून टाकतात. पुढच्या पिकाची मुळे तेथे खोल जात नाहीत आणि पाणी साचते. चाकोरी पडलीच तर जमीन चांगली सुकल्यावरच नांगरट करावी. ओलीतच नांगरले तर ढेकळे पडतात आणि दाबलेला थर तसाच राहतो.

पावसाळ्याआधी एवढे करून ठेवा

गावात ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्यांनी आणि कृषी सहायकांनी एक सकाळ यासाठी द्यावी. प्रत्येक ट्रॅक्टर व ट्रॉलीची बांधण्याची योग्य जागा मॅन्युअलमध्ये पाहून तिला पिवळा रंग द्यावा. पुढचा हूक नसेल तर कंपनीचाच बसवून घ्यावा, गावठी वेल्डिंग करून कडी लावू नये. रात्री, पावसात, घाईत साखळी लावणाऱ्याला मग विचार करावा लागणार नाही. पिवळा रंग दिसेल तेथेच ती लागेल.