मुदतपूर्व पाणमोट फुटणे आणि नवजात अर्भकाचे आरोग्य

गर्भाभोवतीचे पातळ आवरण व त्यातील गर्भजल यांच्या पिशवीस पाणमोट म्हणतात. गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी, कळा सुरू झालेल्या नसताना ती फुटणे म्हणजे मुदतपूर्व पाणमोट फुटणे होय. सुमारे ३ टक्के गर्भारपणांत असे घडते. अकाली प्रसूतींपैकी साधारण एकतृतीयांश प्रसूतींशी त्याचा संबंध असतो. पाणी थेंबथेंब जात असल्यास ती लघवी समजून दुर्लक्ष होते, आणि मोलाचा वेळ वाया जातो.

अर्भकाला असणारे धोके

बहुतेक धोके अकाली जन्मातून उद्भवतात. फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारे सरफॅक्टंट हे द्रव्य पुरेसे तयार झालेले नसल्याने बाळाला श्वास घेणे जड जाते. मेंदूतील रक्तस्राव आणि आतड्याचा काही भाग मृत होणे या आपत्ती विशेषतः ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांत संभवतात. शिवाय आवरण फाटल्यावर योनिमार्गातील जंतू गर्भाशयात चढतात. ते बाळाच्या रक्तात पसरल्यास जिवावर बेतते. नाळ खाली घसरणे व वार वेळेआधी सुटणे हेही धोके आहेत.

पाणी २४ आठवड्यांच्या आधीच गेल्यास परिस्थिती अधिक बिकट असते. गर्भाच्या फुप्फुसांची वाढ त्यांच्यातील द्रवाच्या दाबावर अवलंबून असते. भोवतीचे गर्भजल आटले की ही वाढ खुंटते, आणि जन्मानंतर तिची भरपाई करणे कठीण असते.

उपचार

थांबावे तर संसर्गाचे भय, प्रसूती करावी तर अपरिपक्वतेचे, असा हा पेच आहे. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिले की, प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाचा श्वसनविकार कमी होतो. भारतात याकरिता डेक्सामेथासोन वापरले जाते. संसर्ग रोखण्यासाठी प्रतिजैविके देतात. मात्र कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरॅकल’ चाचणीत एरिथ्रोमायसिन उपयुक्त ठरले, तर को-ॲमॉक्सिक्लाव्ह दिलेल्या मातांच्या बाळांत आतड्याचा उपरोक्त विकार अधिक आढळला. प्रसूती जवळ आली असून ३२ आठवडे भरलेले नसल्यास बाळाच्या मेंदूच्या रक्षणार्थ मॅग्नेशियम सल्फेट देतात.

३४ आठवड्यांनंतर लगेच प्रसूती करावी, असा पूर्वी प्रघात होता. माता व गर्भ दोघांची प्रकृती ठीक असून संसर्गाचे चिन्ह नसल्यास आता देखरेखीखाली ३७ आठवड्यांपर्यंत थांबण्याचा पर्यायही स्वीकारला जातो. ताप, दुर्गंधीयुक्त पाणी किंवा गर्भाच्या हृदयाचे ठोके बिघडणे यांपैकी काही दिसल्यास मात्र न थांबता प्रसूती केली जाते.