बुद्धिबळाच्या पटापलीकडील एक संख्या

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशा दुपटीनें दाणे मांडण्याची गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. त्या चौसष्ट घरांना आणखी तीन घरें जोडलीं, तर एकूण दाणे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ होतात. लीलावती ग्रंथांतील स्थानांचीं नांवें अठराव्या स्थानीं, परार्धाशीं, संपतात. ही संख्या एकवीस आंकडी आहे. दोनाच्या सदुसष्टाव्या घातांतून एक वजा केला कीं ती मिळते.

मारें मेर्सेन या फ्रेंच साधूनें १६४४ सालीं तिला अविभाज्य ठरविलें. २५७ व्या घातापर्यंत अशा किती संख्या अविभाज्य आहेत, याची यादीच त्यानें छापली. सिद्धता मात्र दिली नाहीं. ६७ व २५७ हे घात तींत चुकीनें शिरले, आणि ६१, ८९ व १०७ गळले. तरी या संख्यांना नांव त्याचेंच मिळालें. विद्वत्तेच्या बाजारांत धाडसालाहि भाव असतो!

१८७६ सालीं एदुआर ल्युका यानें ही संख्या अविभाज्य नाहीं असें सिद्ध केलें. परंतु तिचे अवयव त्याला सांगतां येईनात. चोरी झाली हें सिद्ध, पण चोर सांपडला नाहीं, असा हा प्रकार. हें शक्य कसें? त्याच्या कसोटीचें लेमरनें पुढें सोपें केलेलें रूप पाहा. हातीं पेन्सिल असल्यास ३१ या संख्येवर, म्हणजे पांचव्या घातावर, करून पाहावें. ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, १४ आले. पुन्हां तसेंच केल्यास १९४. त्यास ३१ नें भागून बाकी ८. आठाचा वर्ग उणे दोन, ६२, बाकी शून्य. पांचांत दोन कमी, म्हणून तीनच फेऱ्या; शेवटीं शून्य आलें, म्हणून ३१ अविभाज्य. आपल्या संख्येस अशा पासष्ट फेऱ्या लागतात, आणि शेवटीं शून्य येत नाहीं. अवयवांचा प्रश्न या रीतींत कोठेंच उद्भवत नाहीं.

ते अवयव ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेंत प्रो. एफ. एन. कोल यांनीं मांडले. ई. टी. बेल सांगतो कीं, कोल यांनीं एक शब्दहि न बोलतां फळ्याच्या एका बाजूस घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला, आणि दोन्हीं उत्तरें जुळतांच जागेवर जाऊन बसले. या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असेंहि त्यांनीं बेलला सांगितलें म्हणे. बेलची लेखणी रंगेल. गुणाकार मात्र खरा आहे. नवांचा पडताळा घ्या: अंकांच्या बेरजा ३७, ६४ व १०९, तिन्हींची बाकी एकच.

अवयव शोधणें अगदींच अंधारांतलें नव्हतें. या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटींत एक मिळवून होणारा असावा लागतो. तरीहि लहान अवयव येतो तो १४४५५८० व्या पटीला! आज संगणक हें काम क्षणांत करतो. परंतु दोनाच्या १२७७ व्या घातांतून एक वजा केल्यास येणारी ३८५ आंकडी संख्या अविभाज्य नाहीं हें केव्हांच सिद्ध झालें असून, तिचा एकहि अवयव अद्याप कोणास सांपडलेला नाहीं.