माकुलाच्या मज्जातंतूची कथा

पायात काटा रुततो आणि क्षणार्धात पाय मागे घेतला जातो. हा निरोप मज्जातंतूंतून विजेच्या रूपाने जातो, एवढे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. परंतु ती वीज उत्पन्न कशी होते, याचा उलगडा होण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. त्याचे श्रेय मुख्यतः केंब्रिजचे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांचे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात ही कथा कशासाठी, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखक विज्ञानाचा पदवीधर नाही. सरकारी कागदपत्रांत हयात घालविलेल्या माणसाला या दोघांची एक शिस्त फार भावली, एवढेच.

१९०२ साली जर्मन शास्त्रज्ञ यूलियस बर्नस्टाइन यांनी असे मत मांडले की, विश्रांत तंतूची आतील बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. निरोप जाताना तंतूवरील पापुद्रा क्षणभर सर्वच आयनांना, म्हणजे विद्युद्भारित कणांना, वाट देतो आणि आतबाहेरचा फरक शून्यावर येतो. हे पडताळण्यास तंतूच्या आतच विद्युदग्र घालणे अवश्य होते, आणि आपले तंतू तर केसाहूनही कितीतरी बारीक! ही अडचण समुद्राने दूर केली. कोकणात ज्याला माकूल म्हणतात, त्या वर्गातील प्राण्यात सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा तंतू असतो, हे जे. झेड. यंग यांनी १९३६ साली दाखवून दिले.

ऑगस्ट १९३९ मध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत २५ वर्षांचे हॉजकिन व २१ वर्षांचे हक्स्ली यांनी अशा तंतूत सूक्ष्म काचनळी सरकविली. विजेचा दाब शून्यावर थांबला नाही. तो शून्य ओलांडून सुमारे ४० मिलिव्होल्ट धन झाला. सदतीस वर्षांचा समज डळमळला. परंतु लगेच महायुद्ध पेटले. दोघांनी 'नेचर' नियतकालिकाकडे छोटे टिपण पाठविले. त्यात नोंद होती, कारणमीमांसा नव्हती. मग हॉजकिन विमानांच्या रडारकडे आणि हक्स्ली तोफांच्या नेमबाजीविषयक संशोधनाकडे वळले. १९४५ साली सविस्तर निबंधात त्यांनी जी संभाव्य कारणे सुचविली, ती पुढे चुकीची ठरली. मोजमाप मात्र अबाधित राहिले.

१९४७ मध्ये हॉजकिन यांनी बर्नार्ड कॅट्झ यांच्यासह तंतूभोवतीच्या पाण्यातील सोडियम कमी करून पाहिले. तसा विजेचा उसळाही उतरला. त्यानंतर अमेरिकेतील केनेथ कोल यांनी योजिलेली, पापुद्र्यावरील दाब इच्छेनुसार स्थिर ठेवण्याची युक्ती सुधारून त्यांनी व हक्स्लींनी दोन प्रवाह वेगळे केले. आधी सोडियम आत धावते, किंचित उशिराने पोटॅशियम बाहेर पडते. काही सहस्रांश सेकंदांचा हा खेळ!

आता प्रश्न आकडेमोडीचा होता. १९५१ साली विद्यापीठाचा संगणक फेरफारांसाठी सहा महिने बंद राहणार होता. हक्स्लींनी हाताने फिरविण्याचे गणकयंत्र घेतले. तंतूतून धावणाऱ्या एका संदेशाचे गणित पुरे होण्यास सुमारे तीन आठवडे लागले. समीकरणांतून निघालेला वेग सेकंदाला १८.८ मीटर, तर प्रत्यक्ष मोजलेला २१.२. १९५२ मध्ये पाच निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतही लेखकांनी बजावले की, समीकरणे जुळली म्हणून पापुद्र्यातील यंत्रणेविषयीची आपली कल्पना सिद्ध झाली असे मानू नये.

१९६३ साली जॉन एकल्स यांच्यासमवेत दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकेका आयनमार्गातून वाहणारा प्रवाह एर्विन नेहर व बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये मोजून दाखविला. पोटॅशियमच्या मार्गाची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये उलगडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हॉजकिन निवर्तले. हक्स्ली २०१२ पर्यंत हयात होते. आज दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य बधिरतेचे जे इंजेक्शन देतात, ते सोडियमचे हेच मार्ग अडविते.

नोंद एका रकान्यात आणि मत दुसऱ्या रकान्यात लिहावे, असे आम्हां कारकुनांना पहिल्याच वर्षी शिकवितात, आणि पुढे आपण ते विसरतो. १९३९ ची ती नोंद टिकली, कारण तिच्यात मताची भेसळ नव्हती.