आपल्याकडे बागा कशा आल्या



आपल्या मंडळाने या वर्षी गल्लीच्या टोकाच्या बागेची पाहणी केली हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. तिचा अहवाल कार्यवाहबाईंनी लिहून योग्य त्या कचेरीत पोचवला आहे. पाहणीच्या वेळी बाकावर बसून बोलता बोलता विषय निघाला, की मुळात या बागा मुंबईत आल्या कशा? कोणी म्हणाल्या, इंग्रजांनी हौसेने केल्या. कोणी म्हणाल्या, शेटसावकारांनी दान दिल्या. तेव्हा ग्रंथालयातून पुस्तके आणून जे वाचले ते थोडक्यात सांगण्याचे काम माझ्याकडे आले. थोडक्यात होईल की नाही ते पाहू.

हौसेची बाग म्हणजे भायखळ्याची राणीची बाग. ती १८६२ साली लोकांसाठी उघडली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे, पण म्हातारी माणसे अजून राणीची बागच म्हणतात. झाडे, फुले, पुढे जनावरे, असे पाहण्यासारखे पुष्कळ होते. पण ती मुद्दाम वेळ काढून, मुलांना कपडे घालून, पुऱ्या-भाजीचा डबा घेऊन जाण्याची जागा. रोजच्या जाण्यायेण्याची नव्हे. घराजवळची, दहा मिनिटे मोकळी मिळाली तर जाऊन यावी अशी बाग मुंबईत आली ती हौसेने थोडी आणि भीतीने जास्त.

ती भीती प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्मे शहर गाव सोडून पळाले म्हणतात. मांडवी, गिरगाव, कामाठीपुरा या भागांतल्या चाळी कशा होत्या त्याची वर्णने वाचवत नाहीत. खोलीला खोली लागून, मध्ये उजेड नाही, वारा नाही, मोरीचे पाणी दाराशी. सरकारला त्या वेळी पटले की माणसाला नुसते औषध पुरत नाही, हवाही लागते. म्हणून १८९८ साली कायदा करून मुंबई सुधारणा ट्रस्ट नेमला. दाटीच्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढावयाचे आणि शहराच्या उत्तरेला नव्या वस्त्या आखावयाच्या, हे त्याचे काम. दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथे तेव्हा शेते, नारळीची झाडे आणि पाणथळ जमीन होती. ती भरून घेऊन आखीव रस्ते पाडले आणि प्लॉट पाडतानाच मधल्या काही जागा मोकळ्या सोडल्या.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. ज्यांच्या खोल्या गेल्या त्या गरिबांना दादरचा नवा प्लॉट कोठून परवडणार? ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहिले. बागा आल्या त्या बऱ्यापैकी मिळवत्या लोकांच्या वस्तीत. मला तरी हे वाचून फार वाईट वाटले. प्लेग ज्यांच्या घरी आला, हवा त्यांना मिळाली नाही.

तरी जे झाले ते पुष्कळ चांगले झाले. दादरच्या पारशी कॉलनीत मंचेरजी जोशी या गृहस्थांनी ट्रस्टच्या मागे लागून आपल्या लोकांसाठी प्लॉट राखून घेतले. घरे दोन मजल्यांहून उंच नकोत, घराघरांत अंतर हवे, रस्त्याच्या दुतर्फा झाडे हवीत, असा त्यांचा आग्रह. पाच बागा म्हणून जी जागा आपण ओळखतो ती त्याच आखणीतली.  वस्तीत राहणारा माणूस चिकाटीने कागद घेऊन कचेरीत जात राहिला तर काय होते, त्याचा तो नमुना आहे. १९३३ साली ट्रस्टचे काम महानगरपालिकेकडे गेले.

आता शिवाजी पार्क. आपल्यापैकी कितीतरी जणींचे बालपण तेथे गेले, कितीतरी जणींची लग्नापूर्वीची पहिली भेटही तेथल्याच कट्ट्यावर झाली असेल, ते त्यांनाच ठाऊक. सुमारे २८ एकरांची ही मोकळी जागा १९२५ साली लोकांसाठी खुली झाली तेव्हा तिचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली शिवजन्माला तीनशे वर्षे झाली असे त्या वेळच्या गणनेने मानून ठिकठिकाणी उत्सव झाले. त्याच वर्षी या मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. ते नाव द्यावे म्हणून पुढाकार घेतला तो एका बाईने, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असेल. मलाही या वाचनापूर्वी माहीत नव्हते. त्या बाई म्हणजे अवंतिकाबाई गोखले.

अवंतिकाबाईंवर वेगळा लेखच लिहावयास हवा. १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले तेव्हा तेथल्या खेड्यांतून शाळा चालवायला त्यांना बायका हव्या होत्या. अवंतिकाबाई मुंबईहून यजमानांसह गेल्या. मुलांना अक्षरे शिकवण्याआधी स्वच्छता शिकवावयाची, हे तेथले काम. परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी हिंद महिला समाज काढला आणि त्याच वर्षी मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिले, ज्याला टिळकांची प्रस्तावना आहे. पुढे मुंबई महानगरपालिकेत ज्या पहिल्या काही स्त्रिया सभासद म्हणून बसल्या त्यांत सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई होत्या. शंभर वर्षांपूर्वी एवढ्या पुरुषांच्या सभेत उभे राहून बोलणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या वॉर्डाच्या सभेत एकदा बोलून पाहिलेल्या बाईला चांगली येईल. २०२० साली महानगरपालिकेने मैदानाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क असे पूर्ण केले. अवंतिकाबाईंचे नाव मात्र मैदानावर फिरणाऱ्या दहांपैकी एकीलाही सांगता येणार नाही.

मला त्या मैदानातले सर्वांत शहाणपणाचे काय वाटले असेल तर तो कट्टा. मैदानाभोवती सव्वा किलोमीटरला थोडा कमी असा तो फिरतो. बसायला येईल इतकाच उंच. त्यावर आजोबा बसतात, कॉलेजची मुले बसतात, भाजीच्या पिशव्या घेऊन आपण बसतो. बसलेल्याला मैदानही दिसते आणि रस्ताही दिसतो. रस्त्याने जाणाऱ्यालाही आतले दिसते. म्हणून तेथे अंधार पडल्यावरही बाई एकटी बसू शकते. पहारेकरी ठेवून जे होत नाही ते त्या बुटक्या भिंतीने होते.

आपल्या बागेची पाहणी करताना हेच नेमके उलट दिसले. पाहणी आम्ही तीन वेळा केली, पहाटे सहाला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी साडेसातला. पहाटे चालणारे पुष्कळ. दुपारी पत्ते खेळणारे आणि झोपणारे. संध्याकाळी साडेसातला एकही बाई नाही, आणि मुले फक्त फाटकाजवळ. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. भिंत डोक्याएवढी, तिच्या आत मेंदीचे कुंपण तितकेच वाढलेले, मागच्या कोपऱ्यातला दिवा बंद आणि बाहेर पडायला फाटक एकच. आमच्यातल्या एकीने सुचवले की भिंत आणखी उंच करून वर तारा लावाव्यात, म्हणजे नको ती माणसे येणार नाहीत. त्यावर आमच्यातल्या सर्वांत वडील काकू म्हणाल्या, ‘‘अगं, भिंत उंच केलीस तर आत अडकलेलीचा आवाज तरी कोणाला ऐकू जाणार?’’ अहवालात मेंदी कमरेइतकी छाटावी, भिंतीचा वरचा भाग काढून जाळी बसवावी आणि मागच्या बाजूस दुसरे फाटक ठेवावे अशी मागणी गेली ती काकूंच्या त्या एका वाक्यामुळे.

मुलांच्या खेळण्यांचेही तसेच. खास मुलांसाठी म्हणून केलेल्या जागांत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कचा म्हातारीचा बूट सर्वांना ठाऊक आहे. ती बाग १९५२ च्या सुमाराची. त्यानंतर गल्लोगल्ली घसरगुंड्या आणि झोके आले, पण खाली काय असावे याचा विचार कमी झाला. आपल्या बागेत झोक्याखाली फरशी आहे. दिसायला स्वच्छ, झाडायला सोपी, आणि डोके फुटायला तिच्यासारखी दुसरी नाही. वाळू हवी, हातभर खोल, आणि ती अधूनमधून चाळायला हवी, नाहीतर मांजरे तिचा उपयोग करतात. झोक्याच्या मागेपुढे भरपूर जागा मोकळी हवी, म्हणजे पळत येणारे लहान मूल त्याखाली सापडणार नाही. यात शास्त्र फारसे नाही. ज्या घरी दोन मुले वाढली त्या घरच्या बाईला हे सांगावे लागत नाही. फक्त तिला कोणी विचारत नाही.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगते. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुली दोरीच्या मल्लखांबावर ज्या सहजतेने चढतात ते पाहून आपल्या छातीत धडधडते. तेथले उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर झाली. आचरेकर सरांच्या हाताखाली येथे क्रिकेट शिकलेल्या मुलांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत. मुलींनाही त्याच मातीने काही दिले आहे, एवढेच म्हणावयाचे.

मोठ्या मैदानाचा एक त्रास असा, की ते सर्वांनाच हवे असते. सभांना हवे, उत्सवांना हवे, खेळाला हवे, झोपेलाही हवे! १९६६ पासून दसऱ्याच्या सभा तेथे झाल्या. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना वंदन करायला लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात ती याच मैदानात उतरतात. इतक्या लांबून आलेल्या बायामुलांना पाठ टेकायला जागा मिळते, पाणी मिळते. मैदानाचा याहून चांगला उपयोग मला तरी सांगता येत नाही. दुसरीकडे भोंग्यांनी आजूबाजूच्या आजारी माणसांचे आणि शाळांचे हाल होत, म्हणून रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०१० च्या मे महिन्यात ते शांतता क्षेत्र ठरले. पुढे शासनाने खेळाखेरीज इतर कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस ठरवून दिले. भांडण पूर्ण मिटले असे नाही, पण निदान दिवस मोजले गेले.

२०२२ च्या ६ फेब्रुवारीला लताबाईंवर तेथे अंत्यसंस्कार झाले. लगेच मागणी आली की त्यांचे स्मारक मैदानातच करावे. लताबाईंवर जीव नसलेला मराठी माणूस कोठे शोधायचा? तरी रहिवाशांनी म्हटले, मैदान मैदानच राहू द्या, आणि हृदयनाथांनी स्वतः सांगितले की तेथे स्मारक व्हावे अशी आमची इच्छा नाही. मला या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते. मोकळी जागा वाईट कारणासाठी मागितली तर नाही म्हणणे सोपे. चांगल्या कारणासाठी मागितली की जीभ अडखळते.

आपल्या बागेपुढे आज हाच पेच आहे. मागच्या कोपऱ्याचा तुकडा मोटारी उभ्या करण्यासाठी द्यावा असे काहींचे म्हणणे आहे. मोटारी रस्त्यावर उभ्या राहतात, त्यामुळे रुग्णवाहिका आत येत नाही, हे खोटे नाही. आपल्याच दोन सभासदांच्या घरी हा प्रसंग आला. म्हणून मोटारवाल्यांना नावे ठेवून भागणार नाही. पण कोपरा वापरात नाही म्हणून तो द्यावा, या म्हणण्याला माझा विरोध आहे. तो वापरात नाही कारण तेथे दिवा नाही. दिवा लावा, मेंदी छाटा, सहा महिने पाहा, मग बोला.

दुसरी एक सूचना अशी आली की मंडळाने बागच दत्तक घ्यावी. हेही जपून. मुंबईत अशा दत्तक दिलेल्या काही जागांवर पुढे क्लब उभे राहिले आणि आत जायला वर्गणी लागू लागली. २०१६ साली या धोरणावरून इतका गलका झाला की शासनाने त्याला स्थगिती दिली. चांगले उदाहरणही आहे. चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली तेव्हा तेथले रहिवासी न्यायालयात गेले, नंतर देखभालीत स्वतः उतरले, आणि मैदान आज खेळायला खुले आहे. तेथल्या रहिवाशांजवळ पैसा आणि वकील होते. आपल्याजवळ दुपारचे दोन तास आणि चाळीस जणी आहेत. मला वाटते आपण बाग मालकीने न घेता तिच्यावर लक्ष ठेवावे. महिन्यातून एकदा दोघी जणींनी फेरी मारावी, बंद दिवा, सैल साखळी, फुटलेली फरशी वहीत टिपावी आणि त्या वहीची नक्कल कचेरीत देऊन शिक्का मारून आणावा. मंचेरजी जोशींनी याहून फार निराळे काय केले?

एक वही कार्यवाहबाईंनी आणून ठेवली आहे. पहिल्या तीन महिन्यांच्या फेऱ्यांची नावे ठरली आहेत, पुढच्या महिन्यांची रिकामी आहेत. कोपऱ्याच्या तुकड्याबद्दलचा अर्ज हळदीकुंकवाच्या दिवशी बागेच्या फाटकाशी टेबलावर ठेवू, सहीसाठी. सही करण्यापूर्वी मागच्या कोपऱ्यापर्यंत एकदा चालत जाऊन यावे, दिवस मावळल्यावर, आणि दोघी-दोघींनी.