पेशींचे घड्याळ

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले कवच फोडून बाहेर येतात, हे खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. त्याच कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवून पाहा. ऊब तीच, कोंबडी तीच, पण पिल्ले निघायला अठ्ठावीस दिवस लागतात. तेव्हा दिवसांचा हिशेब कोंबडीजवळ नाही, तो अंड्यातच आहे, हे उघड झाले. पण अंड्यात हा हिशेब ठेवतो कोण? आणि अंड्यात सुरू झालेला हा हिशेब पुढे जन्मभर, थेट म्हातारपणापर्यंत चालू राहतो की काय?

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अंड्याच्या आत दिवसागणिक काय काय घडते त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. तीन दिवस आणि तीन रात्री उलटल्या की पांढऱ्या बलकात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो ठिपका उडत असतो. तेच पिल्लाचे हृदय. हा उडता ठिपका ध्यानात ठेवा. कारण सुमारे बावीसशे वर्षांनी याच हृदयाच्या एका तुकड्याने शास्त्रज्ञांना पन्नास वर्षे चकवले.

ती हकीकत अशी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल नावाचे एक फ्रेंच शस्त्रवैद्य काम करीत होते. 17 जानेवारी 1912 रोजी त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा बारीकसा तुकडा काचपात्रात वाढायला ठेवला. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले, पण ते रक्तवाहिन्या शिवण्याच्या कौशल्याबद्दल. काचपात्रातल्या पेशी वाढत राहिल्या. त्यांना वेळोवेळी खाद्य द्यायचे, पसारा फार झाला की अर्ध्या काढून टाकायच्या, असा क्रम होता. वर्षे लोटली. न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे या तुकड्याचा दर जानेवारीत वाढदिवस साजरा करू लागली. कोंबडीचे आयुष्य ते किती! पण या पेशी वीस वर्षे झाली, तीस वर्षे झाली, तरी आपल्या जिवंतच. 1944 मध्ये कॅरेल वारले, तरी पेशी होत्याच. 1946 मध्ये त्या मुद्दाम टाकून देण्यात आल्या.

यावरून निष्कर्ष काढला गेला तो असा, की पेशी अमर आहे. म्हातारपण आणि मरण हे शरीराला येते, पेशीला येत नाही. तिला योग्य खाद्य द्या, ती अनंत काळ वाढेल. जर्मनीच्या ऑगस्ट वाइझमान यांनी 1880 च्या दशकातच म्हटले होते की पेशींच्या विभाजनाला काही मर्यादा असावी. त्यांचे म्हणणे आता अडगळीत गेले. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत लोक साध्या पेशी वाढवून पाहत, त्या काही महिन्यांनी मरत, आणि प्रत्येक जण समजे की आपलेच खाद्य बिघडले, आपलीच काच धड धुतली गेली नाही. बाबावाक्यं प्रमाणम् ही वृत्ती फक्त पोथ्या वाचणाऱ्यांत असते असे नाही, बरं का!

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतल्या लेनर्ड हेफ्लिक या तरुणालाही आधी तसेच वाटले. कर्करोगामागे विषाणू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याला निरोगी मानवी पेशी हव्या होत्या, म्हणून तो गर्भाच्या पेशी वाढवीत होता. पेशी दर थोड्या दिवसांनी दुप्पट होत. पण सुमारे पन्नास वेळा दुप्पट झाल्या की थांबत. त्याने नोंदवही उघडून पाहिली. खाद्य एकाच बाटलीतले, काच तीच, हात तेच. तरी ज्या पेशी आधी सुरू केल्या त्या आधी थांबत होत्या आणि मागाहून सुरू केलेल्या जोमात होत्या. दोष खाद्याचा असता तर सगळ्या एकदमच मेल्या नसत्या का?

मग त्याने आणि पॉल मूरहेड यांनी एक फार साधा, आणि माझ्या मते फार सुंदर, प्रयोग केला. पुरुष-गर्भाच्या पेशी चाळीसेक वेळा दुप्पट होऊन थकत आलेल्या होत्या. स्त्री-गर्भाच्या पेशी जेमतेम दहाएक वेळा दुप्पट झालेल्या. दोन्ही एकाच पात्रात मिसळल्या. स्त्रीच्या आणि पुरुषाच्या पेशी गुणसूत्रांवरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. काही काळाने पाहतात तो पात्रात फक्त स्त्रीच्या पेशी उरलेल्या! एकाच पाण्यात, एकाच ताटात जेवून म्हाताऱ्या गेल्या आणि तरुण राहिल्या. म्हणजे मोजदाद पेशीच्या आत होती.

त्याहून नवल पुढेच. पेशी अतिशय थंडीत गोठवून ठेवल्या आणि काही वर्षांनी पुन्हा उबेत आणल्या, तर त्या जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे मोजू लागत. वीस वेळा दुप्पट झालेली पेशी जागी झाली की आणखी तीसेक वेळा दुप्पट होई, आणि मग थांबे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी तिला काही देणेघेणे नव्हते. ती दिवस मोजत नव्हती, विभाजने मोजत होती.

हा निबंध एका मान्यवर नियतकालिकाने परत पाठवला. ते नियतकालिक कॅरेल यांच्याच रॉकफेलर संस्थेचे, आणि नकाराचे पत्र लिहिणारे संपादक पेटन राउस हे कोंबड्यांतल्या कर्करोगाचा विषाणू शोधून नाव मिळवलेले गृहस्थ. योग्य परिस्थिती मिळाली तर पेशी अखंड वाढतात, हे पन्नास वर्षांतले मोठे सत्य आहे, असे त्यांचे म्हणणे. अखेर 1961 मध्ये तो निबंध दुसरीकडे छापला गेला. मग कॅरेलच्या पेशी जगल्या कशा? त्यांना जो खाद्यरस घालत, तो कोंबडीचे गर्भ कुटून काढलेला अर्क असे. त्या अर्काबरोबर नव्या ताज्या पेशी आत जात असाव्यात, हाच खुलासा आज बहुतेक सगळे मानतात. ते नकळत घडले की कोणी जाणूनबुजून केले, यावर मात्र एकमत नाही.

हेफ्लिक यांनी 1962 मध्ये अशाच पेशींचा एक वाण गोठवून ठेवला. तो स्वीडनमध्ये गर्भपात केलेल्या एका स्त्रीच्या गर्भापासून घेतला होता, आणि त्या स्त्रीला कोणी विचारलेसुद्धा नव्हते. ही गोष्ट त्या यशाच्या इतिहासातून वगळू नये असे मला वाटते. या वाणावर पुढे रुबेलाची लस तयार झाली. आपल्या पुण्यात बनणारी गोवर-रुबेलाची लसही मानवी गर्भापासून घेतलेल्या अशाच पेशींवर वाढवतात.

आता पेशी मोजते कशाने? हेफ्लिक यांच्या शोधाविषयीचे व्याख्यान 1966 मध्ये मॉस्कोत अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांनी ऐकले आणि घरी जाताना भुयारी रेल्वेच्या फलाटावर त्यांना एक कल्पना सुचली. गाडी रुळांवर उभी असते तेव्हा तिच्याखाली रुळाचा काही भाग झाकलेला असतो. गुणसूत्राची नक्कल करणारे यंत्रही असेच असेल, तर टोकाचा तेवढा तुकडा नक्कल व्हायचा राहणार, आणि दर विभाजनाला गुणसूत्र थोडे आखूड होणार. 1971 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. 1978 मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांना डबक्यातल्या एका सूक्ष्म जिवाच्या गुणसूत्राच्या टोकाशी त्याच त्या सहा अक्षरांची पुनरावृत्ती आढळली. ही टोके, म्हणजे टेलोमिअर, पुन्हा वाढवणारे द्रव्य 1984 च्या नाताळच्या दिवशी कॅरल ग्रायडर या विद्यार्थिनीला दिसले. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना 2009 चे नोबेल मिळाले. ओलोव्हनिकोव्ह यांना नाही.

पण म्हणून आयुष्याची दोरी हीच, असे मात्र समजू नका. उंदराचे टेलोमिअर माणसाच्या टेलोमिअरपेक्षा लांब असतात, आणि उंदीर जगतो दोन-तीन वर्षे. शिवाय ही टोके वाढवत राहण्याची युक्ती कर्करोगाच्या बहुतेक पेशींना साधलेली असते. तेव्हा टोके लांबवण्याच्या नावाखाली कोणी तारुण्याची गोळी विकू लागला, तर खिशाला हात घालण्यापूर्वी जरा थांबावे.

हे झाले संपत जाणारे घड्याळ. अंड्यात दुसरे एक घड्याळ आहे. ते ठोके देणारे. पिल्लाचा कणा ज्यांतून बनतो ते छोटे गोळे जोडीजोडीने, दर दीड तासाला एक जोडी, असे तयार होतात. जोनाथन कुक आणि गणिती क्रिस्टोफर झीमन यांनी 1976 मध्ये नुसत्या तर्काने सांगितले, की गर्भात आवर्तने घेणारे काहीतरी असले पाहिजे. 1997 मध्ये मार्सेयला इझाबेल पाल्मेरिम, ऑलिव्हिए पूर्क्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवले. त्यांनी कोंबडीचा गर्भ उभा चिरून दोन भाग केले. एक भाग तत्काळ रसायनात थांबवला आणि दुसरा काही वेळ वाढू दिला. मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. एक जनुक दर नव्वद मिनिटांनी चेतत होते आणि विझत होते.

उंदराच्या गर्भात हा ठोका सुमारे दोन तासांनी पडतो, माणसाच्या गर्भात पाच-एक तासांनी. 2020 मध्ये मिकी एबिसुया यांच्या गटाने उंदराच्या पेशीत ते जनुक काढून त्या जागी माणसाचे जनुक बसवले. ठोका माणसाच्या चालीने पडला नाही, उंदराच्याच चालीने पडत राहिला. घड्याळाचे चाक माणसाचे असले तरी चाल ठरत होती ती पेशीच्या आतली प्रथिने किती झपाट्याने घडतात आणि मोडतात यावर. आणि माणसाच्या पेशीत हा सारा व्यवहार उंदराच्या पेशीपेक्षा संथ चालतो.